एकोणीस चिंचोके

मुलांनो, उजव्या हाताची मूठ वळा. घट्ट. आता समजा, त्या मुठीत एक चिंचोका आहे. गुळगुळीत, तपकिरी, घामाने थोडा ओलसर झालेला. तुमच्यापुढे एक पडदा आहे. पडदा कसला, दोरीवर टाकलेलं जुनं लुगडंच. त्याच्यामागे पाटावर दोन गाडगी आहेत. दोन्हींवर एकेक नाव लिहिलेली चिठ्ठी डकवलेली आहे. पडद्यामागे तुम्ही एकट्यानेच जायचं. चिंचोका कुठल्या गाडग्यात टाकला हे कोणी बघणार नाही, कोणी विचारणार नाही.

मूठ एवढ्यात उघडू नका. गोष्ट ऐकून होईपर्यंत तशीच राहू द्या.

ही गोष्ट पंचवटीतल्या एका मुलींच्या शाळेची. साल एकोणीसशे सदतीस. त्या वर्षी थंडी सरता सरता मोठ्या माणसांची निवडणूक झाली. सगळ्यांना मत नव्हतं. ज्याच्या नावावर घर, जमीन असं काही होतं, किंवा जो बऱ्यापैकी शिकलेला होता, त्यालाच. चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या वत्सलाबाई मत द्यायला गेल्या होत्या. वयाने लहान, नुकत्याच ट्रेनिंग घेऊन आलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या त्याच उड्या मारत आल्यासारख्या.

"मुलींनो, आपल्या वर्गाची मॉनिटर आता तुम्हीच निवडायची. मत देऊन!"

तोवर मॉनिटर मोठ्या बाई नेमत. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. मॉनिटरला एक पितळी बिल्ला मिळे आणि पाण्याच्या खोलीची किल्ली. बिल्ला काय, कोणीही लावील. खरी ऐट किल्लीची होती. व्हरांड्याच्या टोकाला एक अंधारी खोली होती, तिच्यात दोन रांजण. मधल्या सुट्टीत मॉनिटर आत जाई, दार लावून घेई आणि छोट्या खिडकीतून तांब्याने पाणी ओती. बाहेर मुली ओळीने येऊन ओंजळीने पीत. आतल्या मुलीला चेहरे दिसत नसत. नुसत्या ओंजळी दिसत.

दोघी उभ्या राहिल्या. एक गोदा गुरव. तिचे वडील नाथा गुरव पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावत आणि यात्रेकरूंच्या जेवणावळींसाठी उपाध्यांच्या घरी पोचवत. गोदाला ती किल्ली फार म्हणजे फार हवी होती. दुसरी ताहेरा. ती आपण होऊन उभी राहिली नव्हती, मुलींनीच तिला हात धरून उठवली. ताहेराची आई गुलजारबी मणियारीण, बांगड्या भरायची. पंचवटीतल्या घराघरांत ओसरीवर बसून तिने बायकांची मनगटं भरली होती. ताहेराला गणितं तोंडी यायची, आणि ती फुटक्या बांगड्यांचे रंगीत तुकडे खेळायला सगळ्यांना वाटायची. मुलींना आणखी काय लागतं?

शनिवारी सकाळची शाळा. प्रत्येक मुलीने घरून एक चिंचोका आणला होता. तेहेतीस मुली लुगड्याच्या पडद्यामागे जाऊन आल्या. कोणी हसत आली, कोणी देवळातून यावं तशी गंभीर होऊन. शाळा सुटल्यावर वत्सलाबाईंनी दोघी उमेदवारांना थांबवून घेतलं. गाडगी टेबलावर उपडी झाली.

गोदाच्या गाडग्यात चौदा. ताहेराच्या गाडग्यात एकोणीस.

गोदाने चौदा पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना तिच्या बोटांत एक चिंचोका अडकला. त्याच्या पाठीवर लाल लाखेचा टिपका होता, कुंकवाएवढा. ताहेराच्या घरी लाखेचे चुडे करायचे. सकाळी आईला मदत करून आलेल्या ताहेराच्या बोटांची लाख चिंचोक्याला लागून गेली होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हा तुझा?" गोदा म्हणाली.

ताहेराने जीभ चावली. "दिसला होय तुला?"

"पण हा तर माझ्या गाडग्यात होता."

"मग काय, आपलंच मत आपल्याला द्यायचं? शरम नाही वाटणार?" ताहेरा हसली.

गोदाचे कान तापले. तिने आपला चिंचोका स्वतःच्याच गाडग्यात टाकला होता, आणि टाकण्याआधी घटकाभर विचारसुद्धा केला नव्हता.

"ए, ओळखायचं नाही!" वत्सलाबाई दोघींवर लटकं रागावल्या. "मत गुप्त असतं. सोमवारी मी निकाल सांगीन. तोवर बाहेर बोलायचं नाही. दिपोटी साहेबांना मी आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, गाडगी तशीच ठेवा, तपासणीला येईन तेव्हा मुलींची निवडणूक मला बघायची आहे."

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळे दिपोटी म्हणत. त्यांच्या एका शेऱ्यावर शाळेचं बरंवाईट ठरे.

गोदा घरी गेली आणि आईपाशी रडली. वडील पानं आणायला पेठच्या जंगलाकडे गेले होते. आई, झुंबरबाई, बांबूच्या चोयांनी पत्रावळी टाचता टाचता म्हणाली, "पाच कमी पडले ना? मग पडले. फुडच्या वर्षी पडतील जास्ती. ऊठ, चोया सोल."

रविवारी रडू संपलं. खरं सांगायचं तर सोमवारी गोदा शाळेत गेली तेव्हा तिला वाईट वाटत नव्हतं. ताहेरा खिडकीतून पाणी ओतील तेव्हा मुद्दाम आपल्या ओंजळीत जास्त ओतील, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं.

प्रार्थनेआधीच शिपाई केरू तिला शोधत आला. "चल गं, मोठ्या बाईंनी बोलावलंय."

खोलीत मोठ्या बाई उभ्या होत्या. वत्सलाबाई खिडकीशी, पाठ करून. टेबलावर ती दोन गाडगी, आणि एका वाटीत खळ.

"वत्सलाबाई, तुम्हाला पाणी आठवलं नाही?" मोठ्या बाई म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. "त्या मुलीच्या हातचं पाणी उपाध्यांच्या मुली पितील? आज पटावर तेहेतीस आहेत. उद्या दहा काढून नेल्या तर चौथीचा वर्ग बंद. मग त्या तेवीस जणींनी कुठं जायचं? ताहेराने कुठं जायचं?"

"मुलींना नाही आठवलं, बाई." वत्सलाबाई तशाच पाठमोऱ्या बोलल्या. "एकोणीस जणींना पाणी आठवलंच नाही."

"त्या लहान आहेत. तुम्ही नाही. आणि तुमची नेमणूक अजून कायम व्हायची आहे."

वत्सलाबाईंनी खिडकीचा गज धरला.

"मग मॉनिटरला पाण्याचं काम देऊ नका," असं कोणीतरी म्हणायला हवं होतं, नाही का? पण तसं कोणाला सुचलं नाही. मॉनिटर म्हणजे पाणी, हे इतक्या वर्षांचं होतं की ते वेगळं करता येतं, असं त्या खोलीत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मोठ्या बाईंनी ओल्या फडक्याने गाडग्यांवरच्या दोन्ही चिठ्ठ्या भिजवल्या. त्या अलगद सुटून आल्या.

"गोदे, ती वाटी धर जरा."

गोदाने वाटी धरली. आता तुम्ही म्हणाल, का धरली? मोठ्या माणसाने वाटी धर म्हटलं की मूल वाटी धरतं. मोठ्या बाईंनी खळीत बोट बुडवलं आणि जिच्यात एकोणीस चिंचोके होते त्या गाडग्यावर गोदाची चिठ्ठी लावली. चौदावर ताहेराची. अंगठ्याने कडा नीट दाबल्या. मग त्यांनी आपल्या हाताने गोदाच्या पोलक्यावर बिल्ला लावला आणि किल्लीचा दोरा तिच्या गळ्यात घातला.

"तू शहाणी आहेस. शाळा सांभाळायची असते, कळलं ना?"

गोदाने मान हलवली. दोरा नवा होता. मानेला टोचत होता.

वर्गात निकाल वत्सलाबाईंनी नाही, मोठ्या बाईंनी सांगितला. "गोदावरी गुरव, एकोणीस मतं." टाळ्या झाल्या, पण आधी क्षणभर कोणी टाळ्या वाजवल्याच नाहीत. ताहेरा शेवटच्या ओळीत, भिंतीकडेला बसायची. तिने पाटीवर मान खाली घातली आणि वर पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत गोदाने पाण्याच्या खोलीचं कुलूप उघडलं. आत ओल होती आणि अंधार होता. दार लावून घेतल्यावर तिला वाटलं, आपल्यालाच कोणीतरी कुलूप घातलंय. खिडकीत पहिली ओंजळ आली. मग दुसरी. गोऱ्या ओंजळी, सावळ्या ओंजळी, शाईने माखलेल्या.

"वरून सोड गं, तांब्या हाताला लावू नको," एक आवाज आला. द्वारकीचा. द्वारकी उपाध्यांची. "गुरवाचं चालतं म्हणा आमच्यात. पण जरा वरूनच."

ताहेराची ओंजळ आली नाही. ती पूर्वीही येत नसे. ती घरून फिरकीच्या तांब्यात पाणी आणायची, मोठ्या बाईंनीच पहिल्या दिवशी तसं सांगितलं होतं. गोदाला हे माहीत होतं. इतके दिवस नुसतं माहीत होतं, एवढंच.

संध्याकाळी झुंबरबाईने बिल्ला पाहिला आणि हातातली चोय खाली ठेवली.

"शनवारी तर हरली होतीस."

गोदाने सगळं सांगितलं. वाटीपर्यंत सगळं. आई ऐकत राहिली. तेवढ्यात बाहेर पानांचे भारे टाकल्याचा आवाज आला आणि नाथा आत आला. अंगाला जंगलाचा वास, पायांवर धूळ.

"हे काय गं? बिल्ला? कशात मिळाला?"

"निवडून आली," आई म्हणाली. फार घाईने म्हणाली.

नाथा खाली बसला. मग हसायला लागला. असा हसला की शेजारची म्हातारी डोकावली. "मला नाय मत, माझ्या बापाला नव्हतं. आन् माझी पोर मतांवर निवडून आली! म्हंजे आता उपाध्यांच्या पोरी तुझ्या हातचं पाणी पिणार? वीस वर्षं त्यांच्या ओट्याखाली उभा राहून पत्रावळी मोजून देतोय. ओट्यावर ये म्हणला नाय कुणी. लय भारी झालं, गोदे. लय भारी."

तो पाय धुवायला गेल्यावर आई हळूच म्हणाली, "सांगू नको त्यांना. किती दिसांनी हसलेत."

मंगळवारी द्वारकीने मधल्या सुट्टीत चिंचेखाली सगळ्यांना गोळा केलं. "मी ताहेराला दिलं होतं. गणितात मला तीच सांगते. तू गं? आणि तू?" बोटं मोजली गेली. अठरा बोटं वर झाली. "मग ताहेरा कशी हरली?" कोणीतरी म्हणालं. त्यावर बोलता बोलता घंटा झाली.

ही गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेली. त्या वर्गात येऊन रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ज्यांना निकाल पटला नसेल, त्यांनी उद्या वडिलांना घेऊन या."

बुधवारी द्वारकीने पुन्हा विचारलं तेव्हा अकरा बोटं वर झाली. गुरुवारी पाच. एक मुलगी म्हणाली, "मी गडबडीत कुठल्या गाडग्यात टाकला, मलाच आठवत नाही." शुक्रवारी द्वारकी स्वतःच म्हणाली, "मी गोदालाच दिलं होतं. आमच्या आजोबांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं." आणि मग कोणी बोटं मोजली नाहीत. एका आठवड्यात सगळ्या वर्गाने गोदाला मत दिलं होतं. फक्त गोदाला आणि ताहेराला ठाऊक होतं की ते चौदाच होते, आणि त्यातला एक लाल टिपक्याचा.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिने ताहेराला बाजारामागच्या गल्लीत गाठलं. ताहेरा भराभर चालत होती. खांद्याला दप्तर, हातात तो फिरकीचा तांब्या.

"ताहेरा, थांब ना. आठ दिवस बोलली नाहीस."

"मॉनिटरशी काय बोलायचं? पाणी मागायचं असतं मॉनिटरकडे."

"मी सांगते. दिपोटी येतील ना, तेव्हा सगळं सांगते."

ताहेरा गर्रकन वळली. "माझं नाव घ्यायचं नाही! कळलं? अम्मीला मी सांगितलं तर ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, चूप. म्हणाली, त्या घरांतून मला बोलावणं येतं तोवर आपली चूल पेटते. तू नाव घेशील आणि लोक म्हणतील, मणियाराची पोरगी आम्हाला पाणी पाजायला निघाली होती. अम्मीला दारात उभं करणार नाही कोणी."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? गळ्यात किल्ली तुझ्या आहे."

गोदा रडकुंडीला आली. "त्या वाईट आहेत. मोठ्या बाई वाईट आहेत."

"हो?" ताहेराने तांब्याची फिरकी उघडली आणि तांब्या तिच्यापुढे धरला. "उन्हात पळत आलीस. तहान लागली असेल. घे. तू पिशील?"

गोदाने तोंड उघडलं. हो म्हणायलाच उघडलं होतं. पण मध्येच आईचा आवाज आठवला. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. आपल्या पत्रावळीवर देवाचे बामण जेवतात पोरी, कुठं खायचं नाय, कुठं प्यायचं नाय, आपला हात सांभाळायचा. गोदाने हात पुढे केला नाही. ती नुसती तांब्याकडे बघत राहिली.

"बघ," ताहेरा म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने फिरकी पुन्हा घट्ट बसवली आणि निघून गेली.

त्यानंतरचे दिवस गोदाला फार लांब गेले. शाळेत गेलं की मोठ्या बाई तिला खोलीत उभी करून पाठ करून घेत. "किती मतांनी निवडून आलीस?" "एकोणीस." "मोठ्याने." "एकोणीस!" "निवडून आलेल्याने काय करावं?" "सर्वांशी सारखं वागावं आणि नेहमी खरं बोलावं." हे शेवटचं वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं होतं. ते म्हणताना तिचा आवाज बारीक होई आणि मोठ्या बाई म्हणत, "पुन्हा."

घरी गेलं की वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. शाळेत वत्सलाबाई तिच्या डोळ्याला डोळा देत नसत. फळ्यावर निवडणुकीचा धडा लिहून त्यांनी तो दोनदा पुसला होता. आणि मधल्या सुट्टीत ती अंधारी खोली. खिडकीतून येणाऱ्या ओंजळी. सांगितलं तर वडिलांचं हसू, वत्सलाबाईंची नोकरी, गुलजारबीची चूल जाणार. नाही सांगितलं तर रोज ही खोली. गोदा आपल्या मनात एका दारापाशी जाई, ते बंद. दुसऱ्यापाशी जाई, तेही बंद. एकदा तर पाणी ओतता ओतता तिला वाटलं, आपण आजारी पडावं. रात्री तिने मुद्दाम ओल्या जमिनीवर झोपून पाहिलं. साधी शिंकसुद्धा आली नाही.

फाल्गुन संपत आला आणि दिपोटी आले. जाडेसे, हसरे गृहस्थ. डोक्याला पगडी, हातात छत्री. उकाडा मी म्हणत होता. त्यांनी पहिलीच्या मुलींकडून पाढे म्हणून घेतले, दुसरीची अक्षरं पाहिली आणि चौथीच्या वर्गात आले तेव्हा पगडी काढून टेबलावर ठेवली. शेजारी ती दोन गाडगी होती.

"ही तुमची मतपेटी का? वा! वा! कोण आलं निवडून?"

"गोदावरी नाथा गुरव," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ये गं पुढे. घरी सांगितलंस का?"

"वडलांना."

"काय म्हणाले?"

"हसले."

वर्ग खुदकन हसला. दिपोटीही हसले. "हसणारच! बरं, मोजू या. मोजल्याशिवाय निवडणूक कसली?" त्यांनी गोदाच्या नावाचं गाडगं उपडं केलं आणि एकेक चिंचोका सरकवत मोजला. एकोणीस. मग दुसरं. "बारा, तेरा, आणि हा बघा, एक चिंचोका कुंकू लावून आलाय! चौदा."

पुन्हा हशा झाला. गोदाने मागे पाहिलं. ताहेरा हसत नव्हती. ती आपल्या बोटांकडे बघत होती.

"तेहेतीस. हिशेब चोख. आता गोदावरी, तूच सांग सगळ्यांना. किती मतं पडली तुला?"

गोदाला समोर मोठ्या बाई दिसत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता. पलीकडे वत्सलाबाईंनी डस्टर छातीशी धरलं होतं, त्याची पांढरी भुकटी त्यांच्या पदरावर सांडत होती. दोन ढीग टेबलावर होते. लहान ढिगाच्या कडेला तो लाल टिपक्याचा चिंचोका.

माझं नाव घ्यायचं नाही, असं ताहेरा म्हणाली होती.

नाव घ्यायला कशाला हवं, असं गोदाच्या मनात आलं. त्या लहान ढिगात एक चिंचोका तिचा स्वतःचा होता. तो तर तिचाच होता ना? दुसऱ्या कोणाचं काही सांगायचं नव्हतं. आपलं तेवढं सांगायचं होतं.

"चौदा," ती म्हणाली.

"अगं, नीट बघ. चौदा तर ह्या..."

"हे चौदा माझे आहेत. त्यातला एक मीच टाकलेला."

कोणी हसलं नाही. दिपोटींनी आधी गाडग्यावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. वत्सलाबाईंच्या हातातून डस्टर खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

गोदा बिल्ला काढू लागली. टाचणी पोलक्यात अडकली होती. तिने ओढली, थोडं कापड फाटलं. मग तिने गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. वेणीत गुंतला, तो सोडवला. बिल्ला आणि किल्ली तिने टेबलावर चौदा चिंचोक्यांशेजारी ठेवली.

"गोदे," मोठ्या बाई म्हणाल्या, "जागेवर जाऊन बस."

गोदा वळली. तिची जागा पहिल्या ओळीत होती. ती ओलांडून ती पुढे गेली. द्वारकीने पाय आखडून घेतले. दुसरी ओळ, तिसरी ओळ. वर्गाला वाटलं, ती भिंतीशी जाऊन उभी राहणार, शिक्षा झाल्यासारखी. ती शेवटच्या ओळीत, कडेला थांबली. ताहेराच्या पाटीशेजारी फिरकीचा तांब्या होता.

"तहान लागलीय," गोदा म्हणाली.

ताहेराने वर पाहिलं नाही. तिचा हात तांब्यावर होता. तो तिथेच राहिला.

गोदा तिच्यासमोर उकिडवी बसली. दिपोटी बघत होते, मोठ्या बाई बघत होत्या, द्वारकी मागे वळून बघत होती. आज संध्याकाळी ती हे आजोबांना सांगणार होती. गोदाला ते ठाऊक होतं. तिने दोन्ही हात एकमेकांना जोडले, बोटं नीट मिटवली, आणि ओंजळ ताहेरापुढे धरली.